जुलाब-उलट्यांत लहान मुलांची साखर कमी होते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलाब-उलट्या सुरू झाल्या की घरातल्या सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे जातं, आणि ते योग्यच आहे. पण पाच वर्षांखालच्या मुलांत पाण्याबरोबर रक्तातली साखरही उतरत जाऊ शकते, आणि तिच्याकडे फार उशिरा लक्ष जातं. पालकांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुमचं मूल आत्ता नीट जागं होत नसेल किंवा त्याला आकडी येत असेल, तर बाकीचं वाचत बसू नका. प्रश्न ६ पाहा आणि लगेच निघा.

१. आमच्या मुलीला मधुमेह नाही. मग तिची साखर कमी कशी होईल?

साखर कमी होण्यासाठी मधुमेह असावा लागत नाही. लहान मुलाचा मेंदू शरीराच्या मानाने मोठा असतो आणि त्याला सतत ग्लुकोज लागतं. बाळं आणि लहान मुलं दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ग्लुकोज वापरतात. मोठ्या माणसाचा वापर याच्या निम्म्याच्या आसपास असतो. म्हणजे १० किलोच्या मुलीला तासाला सुमारे ३ ग्रॅम ग्लुकोज लागतं, ती झोपलेली असली तरी.

खाणं थांबलं की हे ग्लुकोज यकृतातल्या ग्लायकोजेनच्या साठ्यातून येतं. लहान मुलांत तो साठा छोटा असतो. तो संपल्यावर यकृत स्नायूंतल्या प्रथिनांपासून नवं ग्लुकोज बनवतं, पण लहान मुलाच्या अंगावर स्नायूच कमी, त्यामुळे कच्चा मालही कमी पडतो. धडधाकट मूल रात्रभर काही न खाता सहज काढतं. पण दुपारपासून पोटात काही टिकलं नसेल, अंगात ताप असेल आणि जुलाब चालू असतील, तर तीच रात्र त्याला जड जाऊ शकते.

म्हणून डॉक्टर "किती जुलाब झाले?" इतकंच न विचारता "शेवटचं खाणं पोटात टिकलं ते किती वाजता?" असंही विचारतात. ती वेळ लिहून ठेवा. या आजारात त्याइतकी उपयोगी नोंद दुसरी नाही.

२. असं सगळ्याच मुलांना होतं का? आता प्रत्येक जुलाबाला घाबरायचं का?

नाही. बहुतेक मुलं ओआरएस आणि नेहमीच्या खाण्यावर बरी होतात, त्यांची साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरतच नाही. जास्त जपायचं ते एक वर्षाखालच्या बाळांना, वजन कमी असलेल्या किंवा कुपोषित मुलांना, आणि अनेक तास काहीच पोटात न टिकलेल्या कोणत्याही लहान मुलाला. पूर्वी एकदा आजारपणात साखर उतरली असेल, किंवा घरात एखादं बाळ कारण न कळता अचानक दगावलं असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते आपणहून सांगा. काही औषधांमुळेही धोका वाढतो, त्याबद्दल प्रश्न १४ मध्ये लिहिलं आहे.

३. किती आकडा म्हणजे कमी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात चांगल्या पोषणाच्या मुलासाठी ४५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली (२.५ मिलिमोल) आणि तीव्र कुपोषित मुलासाठी ५४ च्या खाली (३ मिलिमोल) ही उपचाराची रेषा आहे. याचा अर्थ ५८ आकडा आला की निर्धास्त व्हायचं, असा नाही. आजारी मुलात आकडा ७० च्या खाली आणि मूल मलूल, तर तो खाली जाण्याच्या वाटेवर आहे असंच समजून वागा. काही यंत्रं मिलिमोलमध्ये आकडा दाखवतात. त्याला १८ ने गुणलं की मिलिग्रॅमचा आकडा मिळतो.

४. पाणी कमी झालंय की साखर, हे लक्षणांवरून कसं ओळखायचं?

खात्रीने ओळखता येत नाही, आणि हीच या आजाराची अडचण आहे. मलूलपणा, चिडचिड, थंड हातपाय, जलद नाडी ही दोन्हींत दिसतात. तरी काही फरक आहेत.

पाणी कमी झालं की डोळे खोल जातात, तोंड कोरडं पडतं, रडताना अश्रू येत नाहीत, लघवी कमी होते, बाळाची टाळू आत गेलेली दिसते आणि पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडली की हळूहळू जागेवर जाते. साखर कमी झाली की मूल पांढरंफटक पडतं, कपाळावर आणि मानेवर गार घाम येतो, हात थरथरतात, मूल विनाकारण हट्टाला पेटतं किंवा उलट एकदम गप्प होतं. पुढे नजर स्थिर राहत नाही, अंग सैल पडतं, आकडी येऊ शकते. तान्ह्या बाळात घाम आणि थरथर दिसेलच असं नाही. बाळ दूध ओढत नाही, रडणं क्षीण होतं, अंग गार लागतं, एवढंच दिसू शकतं.

सगळ्यात बोलकी खूण अशी: पुरेसं पाणी गेलंय, तोंड ओलं आहे, लघवीही झाली आहे, तरी मूल तरतरीत होत नाही. अशा वेळी साखर तपासून घ्यायलाच हवी.

५. दिवसभराच्या उलट्यांनी दमून झोपलाय. झोपू द्यावं की उठवावं?

उठवा. थकलेल्या मुलाला उठवणं जिवावर येतं हे खरं, पण इथे मन घट्ट करा.

नुसतं हलवून "हं" आलं म्हणजे मूल जागं झालं असं नाही. दिवा लावा, त्याला मांडीवर बसवा, तळपायाला हलकेच टिचकी मारा आणि चमचा ओठांना लावा. दमून झोपलेलं मूल चिडतं, तुमचा हात झटकतं, तुमच्याकडे रागाने बघतं, जोरात रडतं आणि तोंडात गेलेला घोट गिळतं. हे सगळं होत असेल तर रडू द्या, ते रडणं चांगलं आहे. पण डोळे उघडून लगेच मिटतात, नजर तुमच्यावर ठरत नाही, मान कलंडते, चमच्यातलं पाणी ओठांच्या कडेने ओघळतं, असं दिसलं तर ती झोप नाही. प्रश्न ६ कडे जा.

संध्याकाळपासून काहीच टिकलं नसेल तर त्या रात्री दर दोन-तीन तासांनी उठवून पाजा. स्तनपान चालू असेल तर त्याहून लवकर. अंगाला हात लावून "ताप उतरलाय, शांत झोपलाय" असं म्हणत सकाळपर्यंत थांबू नका.

६. मूल गुंगीत आहे. दवाखान्यात पोचेपर्यंत काय करू?

आधी रुग्णवाहिका किंवा वाहन बोलवा. पुढचं सगळं ते येईपर्यंत किंवा वाटेत करायचं आहे.

मूल जागं असेल आणि गिळत असेल तर साखरेचं पाणी द्या: सुमारे ५० मिली पाण्यात एक शिगोशीग लहान चमचा साखर, थोडं थोडं करून. बाळ अंगावर पीत असेल तर त्यालाही लगेच पाजायला घ्या. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका.

मूल नीट गिळत नसेल तर तोंडात पाणी, दूध, ओआरएस काहीही ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याला कुशीवर वळवा. आकडी चालू असेल तर तोंडात काहीच घालू नका, चमचाही नाही आणि बोटही नाही. आकडी नसेल, जबडा सैल असेल आणि दवाखाना लांब असेल, तर एक लहान चमचा साखर एक-दोन थेंब पाण्याने ओलसर करून जिभेखाली ठेवता येते. शिरेतून ग्लुकोज देणं शक्य नसेल तेव्हासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत सांगितली आहे. मूल कुशीवरच असू द्या, साखर विरघळतेय का आणि श्वास नीट चालतोय का ते पाहत राहा, आणि गरज पडली तर पुन्हा ठेवा. यामुळे मूल शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात जायचंच आहे, कारण ही साखर लवकर संपते.

७. ओआरएसमध्ये ग्लुकोज असतंच ना? मग साखर कमी कशी होते?

असतं, पण मोजकंच, आणि त्याचं मुख्य काम वेगळं आहे. आतड्याच्या भिंतीत ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आत ओढले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. एवढ्यासाठीच ओआरएसमध्ये ग्लुकोज घातलेलं असतं. २००२ पासून वापरात असलेल्या कमी ऑस्मोलॅरिटीच्या (म्हणजे क्षार आणि ग्लुकोज कमी असलेल्या) ओआरएसमध्ये लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं.

आता प्रश्न १ मधला हिशोब पुढे नेऊ. १० किलोच्या मुलीला तासाला ३ ग्रॅम, म्हणजे चार तासांत १२ ग्रॅम ग्लुकोज लागतं. पाणी कमी झालेल्या मुलाला चार तासांत किलोमागे ७५ मिली ओआरएस द्यायचं असतं, म्हणजे तिला ७५० मिली. त्यातून सुमारे १० ग्रॅम मिळतं. याचा अर्थ ठरलेलं सगळं ओआरएस पोटात गेलं आणि टिकलं, तर हे चार तास बऱ्यापैकी निभावतात. पण "दिवसभरात चार-पाच चमचे प्यायली" असं असेल तर तिला साखर जवळपास मिळालेलीच नाही. ओआरएसने पहिले काही तास निघतात, ते जेवणाची जागा घेऊ शकत नाही.

यावरून "मग ओआरएसमध्येच जास्त साखर घालू" असं मनात येईल. तसं करू नका. साखर वाढली की द्रावण घट्ट होतं, आतड्यात उलट पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात.

८. चमचाभर दिलं तरी उलटून पडतं. मग पाजायचं तरी कसं?

एका वेळी ५ मिली, दर एक-दोन मिनिटांनी. पेला तोंडाला लावू नका, कारण तहानलेलं मूल घटाघटा पितं आणि सगळं एकदम बाहेर येतं. सुई नसलेली सिरिंज घेऊन गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडलं तर बरंच जास्त टिकतं. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा आणि मग आणखी सावकाश सुरू करा. दर दोन मिनिटांनी ५ मिली म्हणजे तासाला १५० मिली होतात. चमचा छोटा दिसतो, पण काम मोठं करतो.

उलट्या हट्टाने चालू राहण्यामागे कधीकधी उपासमारच असते. साखर कमी पडली की शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि कीटोनमुळे मळमळ वाढते. मग मूल खात नाही, आणि कीटोन आणखी वाढतात. थोडी साखर आत गेली की पुष्कळदा मळमळही कमी होते. उलटी थांबवणारं ऑन्डानसेट्रॉन कधीकधी एका मात्रेत देतात, पण ते वजन पाहून डॉक्टरांनी ठरवायचं. जुलाब बांधणारं लोपेरामाइड लहान मुलांना देऊ नका.

तासभर असं पाजूनही काहीच टिकत नसेल तर घरी थांबू नका.

९. ओआरएसची चव आवडत नाही. फळांचा रस, शीतपेय किंवा ग्लुकोज पावडरचं पाणी चालेल का?

शीतपेय आणि निव्वळ फळांचा रस नको, कारण प्रश्न ७ च्या शेवटी सांगितलं तेच. ग्लुकोज पावडरच्या पाण्यात मीठ नसतं. जुलाबात सोडियम जात असताना तेच पाजत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि त्यानेही आकडी येऊ शकते.

एक अपवाद आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात सहा महिने ते पाच वर्षांच्या, अगदी सौम्य आजारी मुलांना निम्मं पाणी घातलेला सफरचंदाचा रस आणि नंतर त्यांच्या आवडीची पेयं दिली. ती ओआरएसवरच्या मुलांपेक्षा मागे पडली नाहीत, उलट त्यांच्यात सलाईनची वेळ कमी वेळा आली. पण त्या मुलांत पाणी जेमतेम कमी झालेलं होतं. डोळे खोल गेलेल्या मुलाला हे लागू नाही.

ओआरएसची पुडी मिळतच नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. मिठाचं माप चुकलं तर धोका असतो, म्हणून चमचा सुरीने सपाट करून घ्या. प्रश्न ६ मधलं साखरेचं पाणी हा तातडीचा उपाय आहे, दिवसभर पाजायचं पेय नाही.

१०. पोटाला आराम म्हणून एक दिवस उपाशी ठेवलं तर?

ठेवू नका. स्तनपान तर क्षणभरही थांबवायचं नाही, आणि वरचं दूध पिणाऱ्या बाळाचं दूध पाणी घालून पातळ करू नका. ज्या मुलात पाणी कमी झालेलं आहे त्यालाही ओआरएसच्या पहिल्या चार तासांनंतर खायला द्यायचं असतं: वयाला साजेसं, नेहमीचं, मऊ, थोडं थोडं आणि वारंवार. जुलाब थांबण्याची वाट पाहायची नाही. आतड्याला सूज असली तरी बरंचसं अन्न शोषलं जातं.

११. घरी आजोबांचं ग्लुकोमीटर आहे. त्यावर तपासू का?

तपासा, पण हात नीट धुऊन. बोटाला ओआरएस किंवा फळाचा रस लागलेला असेल तर आकडा खोटा जास्त येतो, आणि या आजारात मुलाची बोटं चिकट असतातच. हात कोमट पाण्याने धुवा, पूर्ण कोरडा करा, पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. तान्ह्या बाळाचं रक्त टाचेच्या कडेवरून घेतात, ते शिकल्याशिवाय करू नका. पट्ट्यांची मुदत पाहा.

घरगुती यंत्रात १५ टक्क्यांपर्यंत फरक येऊ शकतो, आणि हातपाय गार पडलेल्या मुलात त्याहून जास्त. म्हणून कमी आकडा आला तर विश्वास ठेवा आणि हालचाल करा. चांगला आकडा आला पण मूल मलूल आहे, तर मुलावर विश्वास ठेवा.

१२. आकडा उलट २४० आला! हे कसं काय?

आधी हात धुऊन पुन्हा तपासा. आजाराच्या ताणानेही साखर तात्पुरती वाढते. पण नव्याने सुरू झालेला मधुमेहही असाच, उलट्यांनी, पुढे येतो आणि जुलाब-उलट्यांचा आजार समजून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. मूल कोरडं पडलेलं असूनही भरपूर लघवी करतंय, श्वास खोल आणि जोरात चालतोय, गेले काही आठवडे वजन उतरतंय, फार तहान लागतेय, किंवा उलट्या आहेत पण जुलाब नाहीत, यातलं काही असेल तर त्याच वेळी रुग्णालय गाठा. साखर पाजू नका.

१३. रुग्णालयात सलाईन लावलं, तरी मूल तसंच आहे. काय विचारू?

सरळ विचारा: "साखर तपासली का? किती आली?" हा प्रश्न कोणत्याही चांगल्या डॉक्टरांना रास्त वाटेल. रक्ताभिसरण सावरण्यासाठी पहिल्यांदा भराभर देतात त्या साध्या सलाईनमध्ये मीठ असतं, साखर नसते. त्याने नाडी सुधारते, पण साखर तिथेच राहते.

साखर कमी असेल तर शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात किलोमागे ५ मिली, तर काही ठिकाणी २ मिली ही मात्रा वापरतात. साधारण अर्ध्या तासाने पुन्हा तपासणी होते आणि पुढे ग्लुकोज असलेलं सलाईन चालू ठेवतात, कारण एकदा वाढवलेली साखर पुन्हा घसरू शकते. मूल काही मिनिटांत डोळे उघडून बघायला लागतं तेव्हा पालकांना वाटतं संपलं सगळं. पुढच्या तपासण्या होऊ द्या.

१४. मूल एखादं नेहमीचं औषध घेतंय. आजारात ते चालू ठेवू का?

दोन औषधांबद्दल पक्कं लक्षात ठेवा, कारण त्यांचे नियम परस्परविरुद्ध आहेत.

बाळाच्या अंगावरच्या रक्तवाहिन्यांच्या लाल गाठीसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल, तर बाळ खात-पीत नसताना किंवा उलट्या होत असताना ते द्यायचं नसतं. त्याने साखर उतरते आणि उतरल्याची जलद नाडी, थरथर यांसारखी लक्षणंही झाकली जातात. मात्रा थांबवा आणि डॉक्टरांना कळवा.

याउलट, अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या अॅड्रेनल) ग्रंथीच्या विकारासाठी किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या मुलाचं औषध कधीच बंद करायचं नाही. आजारात त्याची मात्रा वाढवावी लागते. औषध उलटून पडत असेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं आणि ती आणीबाणी आहे, मूल वरवर ठीक दिसत असलं तरी.

१५. मुलाला टाइप १ मधुमेह आहे आणि जुलाब सुरू झालेत. इन्सुलिन बंद करू?

पूर्ण बंद कधीच नाही. साखर कमी येत असेल तर मात्रा कमी करावी लागते, पण इन्सुलिन थांबलं की कीटोन झपाट्याने वाढतात. साखर आणि कीटोन दोन्ही वारंवार तपासा आणि तुमच्या मधुमेह पथकाला फोन करा. खाणं टिकत नसताना साखर उतरत असेल तर ते ग्लुकागॉनची (साखर वाढवणाऱ्या औषधाची) अगदी छोटी मात्रा सुचवू शकतात. ती वयावर ठरते, म्हणून आजार येण्याआधीच लिहून घ्या.

मधुमेह नसलेल्या, उपाशी राहिलेल्या मुलात मात्र ग्लुकागॉनचा भरवसा नाही. ते यकृतातला साठा मोकळा करतं, आणि इथे तो साठाच संपलेला असतो.

१६. लघवीत कीटोन निघाले. हे वाईट का?

साखर कमी आणि कीटोन भरपूर, हे उपाशी मुलाच्या शरीराने केलेलं अपेक्षित काम आहे. मेंदू काही प्रमाणात कीटोनवरही चालतो. श्वासाला येणारा गोडसर, फळासारखा वास त्यांचाच.

काळजी वाटावी ती साखर कमी असूनही कीटोन नसले किंवा फारच कमी असले तर. अशा वेळी इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त तयार होत असेल, किंवा शरीराला चरबी जाळता येत नसेल. हे शोधण्यासाठी साखर कमी असतानाच घेतलेलं रक्त आणि त्यानंतरची पहिली लघवी फार मोलाची असते. साखर दिल्यानंतर तो पुरावा पुसला जातो. म्हणून डॉक्टर शिरेत सुई घालताना ग्लुकोजच्या आधी दोन-तीन नळ्या रक्त काढतात. त्याने उपचाराला उशीर होत नाही, आणि होऊही द्यायचा नाही.

१७. दुसऱ्यांदा असं झालं. हा काही आजार आहे का?

दीड ते पाच वर्षांच्या, बहुतेकदा सडपातळ मुलांत उपाशीपोटी साखर उतरून कीटोन वाढण्याचा प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. आठ-नऊ वर्षांपर्यंत तो सहसा आपोआप थांबतो. पण हे निदान इतर कारणं वगळल्यावरच करायचं असतं. पहिला प्रसंग एक वर्षाच्या आत, फक्त काही तासांच्या उपासानंतर साखर उतरणं, यकृत मोठं लागणं, वाढ खुंटणं किंवा प्रश्न १६ मधला कीटोन नसलेला प्रकार, यातलं काहीही असेल तर तज्ज्ञांकडून पूर्ण तपासणी करून घ्या.

तोवर डॉक्टरांकडून एका पानाचं पत्र लिहून घ्या: मुलाचं वजन, आधीचे आकडे, आणि "उलट्या होत असतील तर लगेच साखर तपासावी व डेक्स्ट्रोज द्यावं" ही सूचना. रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरांना सगळं तोंडी समजावण्यापेक्षा ते पत्र पुढे करणं सोपं जातं.

१८. मेंदूवर कायमचा परिणाम होईल का?

साखर थोडा वेळ उतरली आणि लगेच सावरली, तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. दीर्घकाळ फार कमी राहिली, त्यात आकडी किंवा बेशुद्धी आली, तर इजा होऊ शकते. बोलणं, चालणं, नजर किंवा शिकणं पूर्वीसारखं वाटत नसेल तर पाठपुराव्याच्या भेटीत स्पष्ट सांगा.

१९. घरी सोडलं. आता किती दिवस जपायचं?

जुलाब आणखी काही दिवस राहू शकतात, त्यामुळे पहिल्या दोन रात्री प्रश्न ५ प्रमाणे उठवून पाजा, झोपण्याआधी काहीतरी पिष्टमय खाऊ घाला, आणि प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस द्या: दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, दोन वर्षांवरच्या मुलाला १०० ते २०० मिली. झिंक सांगितलं असेल तर जुलाब थांबले तरी १० ते १४ दिवस पूर्ण करा. मूल स्वतःहून खायला मागू लागलं, खेळू लागलं आणि रात्रभर झोपून सकाळी ताजंतवानं उठलं की रात्रीचं उठवणं थांबवा. पुन्हा उलट्या सुरू झाल्या तर शेवटच्या खाण्याची वेळ पुन्हा लिहायला लागा.